कल्हईला गेलेलं पातेलं

माझ्यासारखं पठण आमच्या गल्लीत कोणाचं नाही, असं मी म्हणत नाही. लोक म्हणतात. मी फक्त त्यांना अडवत नाही.

शाळेत मी अक्षरओळख होण्यापुरती गेले. मग घरात धाकटी भावंडं सांभाळायला कोणीतरी हवं म्हणून बसवलं, ते कायमचंच. पण कुराणातल्या सूरा, म्हणजे अध्याय, अरबीत वाचणं वडिलांनी मला स्वतः शिकवलं. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, कुठला हरफ घशातून आणि कुठला दातातून, सगळं तोंडपाठ. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून पुढच्या खोलीत मुलं शिकायला बसतात. आधी शेजारची बसली, मग त्यांची मुलं बसली. मला सगळे उस्तानी म्हणतात, म्हणजे मास्तरीण. मुलगा घरात अम्मी म्हणतो, पण रस्त्यात कोणी भेटलं की तोही सांगतो, "आमच्या उस्तानींना विचारून सांगतो." चटईच्या एका बाजूला मुलं, दुसऱ्या बाजूला मी, आणि माझ्या गुडघ्याशी मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली छडी. ती छडी मी कोणाला मारत नाही. जमिनीवर आपटते. तेवढ्याने काम होतं.

आमची सून शाळेत शिक्षिका आहे. दीनियात शिकवते, म्हणजे धर्माचा तास तिचा. नोकरी लागली तेव्हा मीच मिठाई वाटली, आणि वाटताना प्रत्येकीला सांगितलं की घरात उस्तानी असली की सुनेला आपोआप येतं. ती ऐकून घेते. तिचा हा मोठा दुर्गुण आहे, ऐकून घेते आणि मग स्वतःला हवं तेच करते.

तर यंदा शाळेत मोठा पडदा आला, त्यावर चित्र पाडायचं यंत्र आलं, आणि पाटीएवढे काचेचे टॅब आले. सून म्हणाली, "अम्मी, आता धर्माचा तास यावर घेणार. मुलं सूरा ऐकतील, खाली मराठीत अर्थ येईल, मग स्वतः चित्रं काढून त्याची छोटी फिल्म करतील."

"फिल्म," मी म्हटलं. "मग नाच कुठल्या तासाला?"

"नाच नाही. मुलांना पाठ येतं, पण आपण काय म्हणतोय ते कळत नाही. तेवढंच कळावं."

"आम्हाला कुठे कळत होतं? आमचं काही अडलं?"

ती भाजी चिरत राहिली. मला वाटलं, जिंकले.

गल्लीतल्या दोनचार आयांनाही हा पडद्याचा प्रकार पसंत नव्हता. त्या माझ्याकडे आल्या, मी त्यांना चहा पाजला आणि आणखी थोडं तेल ओतलं. शेवटी शाळेच्या मोठ्या सरांपर्यंत गोष्ट गेली. त्यांनी ठरवलं की पालकांना बोलवायचं, पडद्यावरचा एक धडा दाखवायचा, मग सगळ्यांचं मत घ्यायचं. पडदा ठेवायचा की जुन्या पद्धतीने शिकवायचं. आणि जुन्या पद्धतीने म्हटलं की शिकवायला कोणाला बोलावणार? हे मला कोणी सांगावं लागलं नाही. शाळेच्या खोलीत, फळ्यासमोर, खुर्चीवर बसून शिकवायचं, ज्या शाळेत मला चार इयत्ता धड बसू दिलं नाही तसल्या शाळेत. या विचाराने मी तेव्हा पुन्हा पुन्हा ओढणी सारखी करत होते. सरांना निरोप पाठवला, धडा झाल्यावर मी बोलेन. सर हो म्हणाले.

सुनेच्या धड्याला मी दोन अटी घातल्या. घरात राहायचं तर माझ्या अटी असतातच.

पहिली अट, चित्रात चेहरे काढायचे नाहीत. धर्माच्या धड्यात माणसांची तोंडं नकोत. हात काढा, पाय काढा, दारं-भांडी काढा. सून म्हणाली, "मीही तेच सांगणार होते." दुसरी अट, आवाज यंत्रातल्या कुठल्यातरी परक्या माणसाचा नको. पठण माझं. लोकांना ऐकू दे की खरं पठण माणसाच्या गळ्यातून येतं, डब्यातून नाही. आता ते डब्यातूनच वाजणार होतं, हे मला सुचलं नाही, आणि सुचवायची हिंमत कोणाला झाली नाही.

मग एका सकाळी नातीने मोबाइल माझ्यापुढे उशीला टेकवून ठेवला. ही माझी नात, सहावीत आहे, तोंडाने तिखट, माझ्यावरच गेलीय. मी वजू केला, हातपाय-तोंड धुतलं, ओढणी डोक्यावर घेतली, आणि शेवटच्या सिपाऱ्यातल्या, म्हणजे कुराणाच्या शेवटच्या भागातल्या, लहान लहान सूरा एकेक आयत, एकेक ओळ, थांबत थांबत म्हटल्या. सुनेनेच तसं सांगितलं होतं, मध्ये जागा सोडा म्हणजे मुलांना मागून म्हणता येईल. मी इतक्या सावकाश आयुष्यात कधी म्हटल्या नव्हत्या. मोबाइलपुढे मात्र म्हटल्या. छान लागत होता आवाज.

एका सूरेपाशी नात म्हणाली, "आजी, हिचा अर्थ काय?"

"अर्थ तुझ्या आईला विचार. तिच्याकडे पडदा आहे."

"तुला माहीत नाही?"

"मला म्हणता येते," मी म्हटलं. "तू आधी जीभ सरळ कर, मग अर्थाच्या गोष्टी कर."

ती सूरा मी लहानपणापासून म्हणते. सात छोट्या आयती. घाईत असले की नमाजात हमखास तीच, कारण पटकन संपते.

आता पेन्सिलीबद्दल सांगायला हवं. आमच्या शेजारी एक बाई शिवणकाम करते. तिची बहीण आणि मेव्हणा एकाच अपघातात गेले, आणि त्यांची मुलगी तिच्याकडे राहायला आली. अंगाने काडी, हातात सदा काहीतरी खरडायला, म्हणून मुलांनी नाव ठेवलं पेन्सिल. नातीच्याच वर्गात. ती माझ्याकडे शिकायला यायची. चटईच्या कडेला, जिथे मी मोठं पातेलं पालथं घालून ठेवते, त्याला टेकून बसायची. पाठ नीट नसे. मावशीची काजं-बटणं, घरचं पाणी भरणं, सगळं करून यायची, आणि डोळे मिटायला लागायचे.

एका संध्याकाळी मुलं तीच सूरा एका सुरात म्हणत होती, आणि ही पातेल्याला डोकं लावून झोपलेली. मी छडी आपटली. ती जागी झाली, आणि तिचा धक्का लागून पातेलं घरंगळत दारापर्यंत गेलं. मुलं हसली. हसली माझ्यावर नाही, पण मला तसं वाटलं. मी उठले, तिचा खांदा धरला आणि तिला दाराबाहेर केलं. म्हटलं, "झोपायचं तर आपल्या घरी झोप. असलं तर."

चपला तिच्यामागून बाहेर टाकल्या. मी वळून म्हटलं, "थांबलात का? म्हणा." आणि मुलं पुढे म्हणू लागली, तीच सूरा.

त्यानंतर ती आली नाही. मला वाटलं, येईल. सगळी परत येतात.

पाठोपाठ तिची मावशी आली, शिवणारी. मला वाटलं मुलीबद्दल भांडायला आली, मी कंबर कसून दारात उभी राहिले. पण ती म्हणाली, "उस्तानी, घरी पाहुणे आहेत, मोठं पातेलं मिळेल का? संध्याकाळी घासून आणून देते."

भांडली असती तर बहुतेक दिलं असतं. तिने मुलीचं नावही काढलं नाही, त्याचा मला राग आला. मी दार अर्धं लावून हाताने धरलं आणि म्हटलं, "पातेलं कल्हईला गेलंय."

माझ्या मागे, चटईच्या कडेला, ते पालथं पडलेलं होतं. ती पलीकडे बघेल एवढी उंच होती. तिने बघितलं की नाही, मला सांगता येणार नाही. म्हणाली, "बरं, राहू दे." तिच्या मागे पेन्सिल उभी होती, हातात रिकामी पिशवी. तिने बघितलं.

शाळेत सभा दुपारची होती. मी ठेवणीतली ओढणी काढली, अंगठी घासून घेतली. मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. सरांनी स्वतः पंखा माझ्याकडे वळवला. मागे वळून बघितलं तर हॉल भरलेला, माझी मुलं, म्हणजे चटईवर बसणारी, आयांच्या मांडीजवळ. शिवणारी दोन रांगा मागे. तिला मी मान हलवली, तिने हलवली नाही. मला वाटलं, दिसलं नसेल.

खिडक्यांचे पडदे ओढले, दिवे घालवले. सून पुढे होती, टॅब हातात. म्हणाली, "हे आमच्या सहावीच्या मुलांनी केलंय. मी एवढंच सांगितलं होतं की सूरेचा अर्थ वाचा, आणि त्यातलं जे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तेच काढा. आणि चेहरे नाहीत."

मग माझा आवाज सुरू झाला. हॉलभर. खरं सांगते, अंगावर काटा आला माझ्या. एवढा मोठा, एवढा निवांत. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "उस्तानी आहेत." मी मान खाली घातली, नम्रपणा म्हणून.

पडद्यावर खाली मराठी अक्षरं आली. मी वाचायला हळू आहे, पण नातीचा आवाज तेही वाचून दाखवत होता. धर्मच खोटा ठरवणारा माणूस कोण, असं त्या सूरेत विचारलेलं होतं. आणि उत्तर होतं, जो अनाथ पोराला ढकलून बाहेर काढतो तो.

चित्र आलं. एक खांदा, मुलीचा. त्यावर एक हात. मागे दार, दारात उलटीसुलटी पडलेली चप्पल. त्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली होती.

माझी करंगळी तशी आहे. नवी नवरी होते तेव्हा दारात चेंगरली, ती तशीच वाकडी जुळली. आता मला काय ठाऊक की मुलं वर्षभर समोर बसून दुसरं काय बघतात? तोंडाकडे बघायची त्यांची छाती नाही. हाताकडेच बघतात. दुसऱ्या हातात छडी होती, आणि तिच्या मुठीला निळा रंग काळजीपूर्वक भरला होता.

मागे एक बारकं पोर म्हणालं, "ही उस्तानींची करंगळी." मग ते एकदम बंद झालं, म्हणजे आईने तोंडावर हात ठेवला असणार.

माझा आवाज पुढच्या आयतीवर गेला. सावकाश, सुरेख. भुकेल्याच्या अन्नासाठी जो कोणाला सांगत नाही, असं काहीसं होतं, त्याचं चित्र मी पाहिलं नाही. मी स्वतःच्या मांडीवर बघत होते. तिथे माझा हात होता. तो मी ओढणीखाली घेतला.

मग नमाज पढणाऱ्यांचं आलं. जे पढतात पण मन तिथे नसतं, जे दाखवायला पढतात. मी वर बघितलं, कारण न बघणं जास्त वाईट दिसलं असतं. जानमाजवर, नमाजाच्या चटईवर, दोन पावलं, आणि समोर दार सताड उघडं, बाहेर रस्ता, रस्त्यावर सायकल. पुढच्या खोलीत दार उघडं ठेवून मी नमाज पढते. हवेसाठी. कोणी विचारलं तर मी हेच सांगते, आणि खरं म्हणजे कोणी कधी विचारलं नव्हतं, मी आपणहून सांगत आले.

शेवटची आयत. जे रोजच्या वापराची साधी वस्तूसुद्धा शेजाऱ्याला देत नाहीत. अर्धं लावलेलं दार. दारावर तोच हात, अंगठी आतल्या बाजूला फिरलेली, जशी माझी फिरते. बाहेर दुसरा हात, रिकामा. आणि दाराच्या आत, कोपऱ्यात, एक पालथं पातेलं, डाव्या अंगाला पोचा पडलेलं. पोचासुद्धा काढला होता. त्याच्यावर उजेड पडलेला दाखवला होता, मोठ्या मायेने. त्याला टेकून बसणारीनेच काढावा तसा.

हसलं कोणी नाही. हसले असते तर मी उलटून बोलले असते, मला ते येतं. नुसती यंत्राच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. जन्मभर ती सूरा माझ्या तोंडात होती. रोज मी ती देवापुढे उभी राहून म्हणत होते. माझ्याबद्दल. माझ्याच तोंडाने.

दिवे लागले. मोठे सर उठले, त्यांना आमच्या गल्लीतलं काही माहीत नाही. म्हणाले, "आता उस्तानी दोन शब्द बोलतील."

मी काय बोलणार होते ते पाठ करून आले होते. यंत्राला वजू नाही, यंत्राला लाज नाही, असं एक वाक्य होतं त्यात, मला फार आवडलेलं. माइक हातात आला. मी तो डाव्या हातात घेतला.

"चित्रं कोणी काढली?" मी विचारलं.

रांगेच्या टोकाला पेन्सिल उभी राहिली. भिंतीला चिकटून. दोन्ही हात पाठीमागे.

तिथे, सगळ्यांसमोर, मला एक वाक्य म्हणायचं होतं. सोपं वाक्य, लहान मुलालाही येतं. माझ्या घशात कुठला हरफ कुठून निघतो ते मला माहीत आहे. पण ते वाक्य निघालं नाही. मी म्हटलं, "रेषा चांगली आहे." आणि बसले.

सरांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी. शेजारची बाई माझ्याकडे वाकून म्हणाली, "तुमचं मन मोठं आहे हो, उस्तानी." मतं घेतली. पडदा राहिला. मीही हात वर केला, उजवा, वाकड्या करंगळीचा, कारण दुसऱ्या हातात माइक अजून तसाच होता.

घरी येताना सून माझ्या मागे दोन पावलं चालत होती. घरात शिरल्यावर मी नातीला समोर बसवलं.

"ती मी होते, हे तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू वाचून दाखवलंस."

"आजी, आई म्हणाली पाहिलेलं काढा. आम्ही दुसरं काय पाहिलंय? आम्ही सगळे तिथेच होतो ना, चटईवर."

"ती काही बोलली? पेन्सिल. माझ्याबद्दल."

नातीने आठवून बघितलं. "नाही. फक्त विचारलं, आजीच्या त्या बोटाला नख आहे का. मी म्हटलं आहे."

मी सुनेकडे वळले. कोणावर तरी वळायला हवं होतं. "आणि बाईसाहेब, तुम्ही हे आधी बघितलं असणार."

"काल बघितलं."

"काढून टाकता आलं नाही? एक बटण तर दाबायचं असतं तुमचं."

"दाबणार होते," ती म्हणाली. "मग वाटलं, मुलांना सांगितलं खरं काढा, आणि खरं काढल्यावर पुसायचं, तर उद्यापासून काय शिकवू?" मग म्हणाली, "आणि थोडा रागही होता, अम्मी. खोटं कशाला बोलू. तिला बाहेर काढलंत तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. मीही बाहेर आले नाही."

मुलगा आत येऊन दोघींच्या तोंडाकडे बघून परत बाहेर गेला. शहाणा आहे, बापावर गेलाय.

संध्याकाळी मुलं शिकायला आली. सगळी. मला वाटलं होतं, नाही येणार. ती आली आणि नेहमीसारखी बसली, आणि मी "म्हणा" म्हटल्यावर कोणाचीही नजर माझ्या हाताकडे गेली नाही. सगळी चटईकडे बघत होती. मुलं माझी अब्रू सांभाळत होती. पातेल्याजवळची जागा मोकळी ठेवून बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पातेलं उचललं. घासलेलंच होतं, तरी परत घासलं. सून म्हणाली, "मी येऊ?" मी म्हटलं, "मी पातेलं नेतेय, जनाजा नाही." पण आवाजात नेहमीची धार नव्हती, ते तिलाही कळलं.

पातेलं मोठं आहे. काखेत मावत नाही, पोटाशी धरून चालावं लागतं. शेजारचं दार म्हणजे किती लांब, पण मधे दुकान आहे. दुकानदार बाहेरच बसला होता. त्याचा मुलगा सहावीत. मला बघून म्हणाला, "काय उस्तानी, झाली का कल्हई?"

त्याच्या सात पिढ्या उद्धरतील असं काहीतरी माझ्या जिभेवर यायला हवं होतं. आलं नाही. मी म्हटलं, "झाली." तो बिचारा स्वतःच ओशाळला आणि वजनकाटा पुसायला लागला.

शिवणारीचं दार उघडं होतं, मशिनला उजेड लागतो म्हणून. मशिन बंद होतं. ती हातशिलाई करत होती, आवाज न करता. आतून कोणीतरी पठण करत होतं, आणि मी उंबऱ्यात थांबले, कारण ते पठण माझं होतं.

मोबाइल दोऱ्यांच्या डब्याला टेकवून ठेवला होता. त्यासमोर पेन्सिल मांडी घालून बसली होती, पाठ माझ्याकडे. मोबाइलमधून मी एक आयत म्हणत होते आणि थांबत होते. ती मागून म्हणायची. अडखळली. तिने काचेवर बोट लावलं, आणि मी तीच आयत पुन्हा म्हटली. तशीच. सावकाश. ती परत अडखळली, परत बोट. मी परत म्हटली. वैताग नाही, छडी नाही, सुस्कारासुद्धा नाही. ती म्हणेपर्यंत मी थांबून राहिले. मला एवढं थांबता येतं, हे मला माहीत नव्हतं.

"या," शिवणारी म्हणाली. मग तिला पातेलं दिसलं. "हे कशाला आणलंत?"

"तुम्हाला हवं होतं."

"ते पाहुणे केव्हाच जेवून गेले, उस्तानी. दोन लहान भांड्यांत भागवलं."

"राहू दे तुमच्याकडे. लागेल कधीतरी."

तिने खोलीभर नजर फिरवली. मशिन, कपड्यांचे गठ्ठे, गुंडाळलेली अंथरुणं. "ठेवू कुठे?" ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. खरोखरच जागा नव्हती. मी पातेलं धरून तशीच उभी राहिले.

पेन्सिलीने वळून बघितलं आणि चटकन मोबाइल थांबवला. माझा आवाज आयतीच्या मधोमध तुटला. ती उठून उभी राहिली, सभेत राहिली होती तशी, हात मागे.

"उद्यापासून ये," मी म्हटलं.

तिने मावशीकडे बघितलं. मावशीने सुईत दोरा ओवायला घेतला. म्हणजे, तुझं तू बघ.

"मला इथे होतंय, उस्तानी," ती म्हणाली. अदबीने म्हणाली. "शाळेच्या बाईंनी सगळ्या सूरा मोबाइलवर दिल्यात. याच्यात कितीदाही म्हणता येतं."

"हो," मी म्हटलं. "ऐकलं मी."

मग मी ते बोलायला लागले, कालचं राहिलेलं. "मी तुला त्या दिवशी जे बोलले, घराचं..." आणि पुढे मला जाता येईना. पातेल्याच्या काठाला धरलेली माझी बोटं पांढरी पडली होती, करंगळी बाहेर. ती त्याच बोटाकडे बघत होती. रागाने नाही. चित्र काढणारी माणसं बघतात तसं, आपण बरोबर काढलं होतं का, एवढंच.

तिने कोपऱ्यातल्या गठ्ठ्यावरून एक ठेंगणं स्टूल काढलं, ओढणीच्या टोकाने पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं. कोणी सांगितलं नव्हतं तिला.

"बसा," म्हणाली. "माझी अजून ही सूरा राहिलीय."

मी बसले. पातेलं मांडीवर. ती परत डब्यासमोर बसली आणि तिने बोट लावलं, आणि माझा आवाज जिथे तुटला होता तिथून पुढे म्हणू लागला. तीच सूरा होती. आता मला प्रत्येक आयतीला काय म्हटलंय ते कळत होतं. दार रस्त्यावर सताड उघडं होतं, दुकानदार बघत होता, बाहेर खेळणारी पोरं बघत होती. लावून घे, असं मी म्हटलं नाही.